किल्ल्या कोणाच्या हाती?

ब्लॉकचेनवर चालणाऱ्या मोठ्या जाळ्यांमध्ये आणीबाणीचे अधिकार मोजक्या माणसांच्या एका गटाकडे सोपवलेले असतात. या गटाला सुरक्षा परिषद म्हणतात. प्रोग्राममध्ये गंभीर चूक सापडली किंवा चोरी सुरू असल्याचे लक्षात आले, तर सगळ्या सभासदांचे मतदान होईपर्यंत थांबणे परवडत नाही. अशा वेळी ही परिषद ठरलेल्या संख्येइतक्या सह्या जमवते आणि व्यवहार रोखते किंवा प्रोग्रामच बदलते. हजारो कोटी रुपयांच्या मालमत्तेवर दहा-बारा माणसांचा हात पोहोचतो तो असा. ही माणसे कोण आहेत, त्यांना कोणी आणि काय पाहून निवडले, चुकली तर त्यांना काढता येते का, हे प्रश्न म्हणूनच संगणकाच्या जाणकारांपुरते राहत नाहीत. ज्याचा पैसा त्या जाळ्यावर आहे, त्या प्रत्येकाचे ते प्रश्न आहेत.

बेळगाव-निपाणी पट्ट्याला हा विषय वाटतो तितका परका नाही. तंत्र नवे असले तरी पेच जुना आहे. अनेकांनी पै-पै करून जमवलेला पैसा एकत्र ठेवायचा आणि त्याची राखण करायला थोड्या माणसांना नेमायचे, हे काम इथल्या पतसंस्था, नागरी बँका, साखर कारखाने आणि गावोगावच्या पीकेपीएस, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्था, पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्यांच्या निवडणुकांतून जे शिकायला मिळाले, त्यातले बरेचसे सुरक्षा परिषदेच्या उमेदवारीला लागू पडते. त्यातला मुख्य धडा हा की लोकांचा प्रतिनिधी निवडणे हे एक काम आहे आणि लोकांच्या ठेवीचा राखणदार निवडणे हे दुसरे. दोन्हींची कसोटी एक धरली की घात होतो.

परिषद लागते कशाला?

ब्लॉकचेनवरचा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे पैशाची देवाणघेवाण आपोआप करणारा प्रोग्राम. एकदा चढवला की तो कोणालाही बदलता येऊ नये, अशी मूळ कल्पना होती. त्यातला धोका २०१६ च्या जूनमध्ये समोर आला. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डाओ’ या सामुदायिक निधीच्या प्रोग्राममधली चूक हेरून एका अज्ञाताने सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) बाहेर वळवले. हे सारे उघड्यावर, सगळ्यांच्या देखत चालू होते. पण थांबवण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. शेवटी जुलै २०१६ मध्ये इथेरियमच्या नोंदींनाच वळण देऊन पैसे परत मिळवावे लागले. ज्यांना हे पटले नाही ते वेगळे झाले आणि ‘इथेरियम क्लासिक’ ही दुसरी शाखा तयार झाली.

पुढे प्रोग्राम बदलता येतील अशा रीतीने लिहिले जाऊ लागले. मग बदलण्याचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न आला. सुरुवातीला तो बांधणाऱ्या कंपनीकडेच राहिला. इथेरियमवरचा भार हलका करण्यासाठी त्याच्यावर उभी राहिलेली आर्बिट्रम, ऑप्टिमिझम यांसारखी दुय्यम जाळी अशीच सुरू झाली. पण कंपनीचे चार अभियंते मनात आणतील तेव्हा प्रोग्राम बदलू शकत असतील, तर ते जाळे आणि एखाद्या खासगी पेढीची खातेवही यांत फरक तो काय? अधिकार कंपनीकडे ठेवायचा नाही आणि सर्वसाधारण सभेच्या मतदानाइतका सावकाशही चालवायचा नाही, या अडचणीतून सुरक्षा परिषदेची वाट निघाली.

अशा जाळ्यांची तपासणी करून त्यांची प्रतवारी लावणाऱ्या ‘एलटूबीट’ या गटाने परिषदेसाठी किमान अटी सांगितल्या आहेत. सदस्य किमान आठ असावेत. कोणत्याही निर्णयाला ७५ टक्के सह्या लागाव्यात. निर्णय अडवता येईल इतके सदस्य मूळ कंपनीबाहेरचे असावेत. सदस्यांची ओळख जाहीर असावी. या अटी पाळल्याशिवाय जाळ्याला वरची पायरी मिळत नाही.

नऊ सह्यांचा हिशेब

परिषदेचा अधिकार मल्टिसिग वॉलेटमधून चालतो. प्रत्येक सदस्याकडे स्वतःची गुप्त किल्ली असते. ती कागदी नसून संगणकीय असते आणि बहुधा पेनड्राइव्हएवढ्या उपकरणात बंद असते. ठरलेल्या संख्येइतक्या किल्ल्यांच्या सह्या जमल्या तरच आदेश अमलात येतो. आर्बिट्रमच्या परिषदेत सदस्य १२ आणि आणीबाणीच्या कामासाठी लागणाऱ्या सह्या ९. ऑप्टिमिझमच्या परिषदेत १३ पैकी १०. मुंबईत २०१७ मध्ये ‘मॅटिक’ या नावाने सुरू झालेल्या पॉलिगॉनने २०२३ मध्ये १३ जणांची परिषद नेमली. तिथे नेहमीच्या बदलाला ७ सह्या पुरतात, पण तो बदल लागू होण्याआधी १० दिवस थांबावे लागते. तातडीच्या बदलाला १० सह्या लागतात. हा दहा दिवसांचा थांबा सामान्य धारकासाठी आहे. बदल मान्य नसेल तर तेवढ्या अवधीत त्याला आपला पैसा बाहेर काढता येतो.

बारापैकी नऊ या आकड्यात दोन विरुद्ध धोक्यांचा तोल सांभाळलेला आहे. पहिला धोका संगनमताचा किंवा चोरीचा: थोड्या किल्ल्या वाईट हाती पडल्या तरी काम होता कामा नये. दुसरा धोका गैरहजेरीचा: कोणी आजारी, कोणी विमानात, कोणाचे उपकरण हरवलेले, तरीही काम अडता कामा नये. नऊची अट असली की तिघे नसले तरी चालते आणि चौघांनी नकार दिला की आदेश थांबतो. म्हणून उमेदवार निवडताना होकार देणारे नऊ जितके महत्त्वाचे, तितकेच वेळ आली तर ठामपणे नाही म्हणू शकणारे चार महत्त्वाचे.

हा हिशेब कागदावर असून भागत नाही, हे गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या चोऱ्यांनी दाखवले. मार्च २०२२ मध्ये ‘रोनिन’ या जाळ्यातून सुमारे ६२ कोटी डॉलर गेले. तिथे ९ पैकी ५ किल्ल्या पुरत होत्या आणि त्यांपैकी चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. पाचवी सही दुसऱ्या संस्थेची होती. पण त्या संस्थेने कामाचा ताण होता तेव्हा कंपनीला तात्पुरती परवानगी दिली होती आणि ती काढून घ्यायची राहून गेली. चोरांनी एका कंपनीत शिरकाव केला आणि पाचही सह्या मिळवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ‘हार्मनी’ या जाळ्याच्या पुलावरून, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्यात पैसा नेणाऱ्या व्यवस्थेतून, सुमारे १० कोटी डॉलर गेले, तिथे ५ पैकी २ सह्या पुरत होत्या.

महाराष्ट्राला जवळून बसलेला फटका १८ जुलै २०२४ चा. मुंबईतून चालणाऱ्या ‘वझीरएक्स’ या क्रिप्टो बाजाराच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये, चोरीला गेले. या वॉलेटचे सहीदार सहा होते: पाच वझीरएक्सचे आणि एक किल्ल्या सांभाळण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचा. व्यवहारासाठी पहिल्या पाचांतील तिघांच्या आणि नंतर त्या कंपनीच्या, अशा चार सह्या लागत. चारही सह्या झाल्या आणि पैसे गेले. चूक कोणाच्या बाजूची, यावर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. ग्राहकांना आपल्या खात्यातले व्यवहार पुन्हा सुरू होण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली.

अशा वेळी सही करणाऱ्यासमोर काय असते, ते पाहण्यासारखे आहे. त्याला निरोप येतो की सही हवी आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर व्यवहार वाचता येईल अशा शब्दांत दिसतो: अमुक वॉलेटातून तमुक वॉलेटात इतकी रक्कम. हातातल्या उपकरणाच्या बोटभर पडद्यावर मात्र बहुतेक वेळा आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ तेवढी उमटते. सही होते ती त्या माळेवर. लॅपटॉपवरच्या मजकुरावर नव्हे. लॅपटॉपवरचा मजकूर चोराने बदललेला असेल, तर सही करणारा पाहतो एक आणि मान्य करतो दुसरेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बायबिट’ या बाजारातून सुमारे १५० कोटी डॉलर गेले ते याच मार्गाने. जागरूक सदस्य ती माळ दुसऱ्या, स्वतंत्र संगणकावर पुन्हा काढून अक्षर-अक्षर जुळवतो, व्यवहाराची चाचणी घेतो, निरोप खरोखर सहकाऱ्याचाच आहे ना हे फोनवर आवाज ऐकून पडताळतो, आणि मगच बटण दाबतो. हे काम अर्ध्या तासाचे असते आणि कंटाळवाणे असते. ते न कंटाळता करणारी माणसे शोधणे, हेच उमेदवार निवडीचे खरे काम.

आर्बिट्रमची निवडणूक

या जाळ्यांपैकी निवडणुकीचे नियम सर्वांत तपशिलात बांधले ते आर्बिट्रमने. मार्च २०२३ मध्ये त्याचे एआरबी हे मताधिकार देणारे टोकन वाटले गेले आणि टोकनधारकांचा समुदाय अस्तित्वात आला. पहिले बारा सदस्य नेमलेले होते. त्यांच्यातील सहा जागांसाठी पहिली निवडणूक १५ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. बारा जणांचे सहा-सहाचे दोन गट पाडून एका वेळी एकाच गटाची निवड करायची, असे ठरले होते. त्यामुळे परिषद एकदम नवखी होत नाही आणि कायमची जुनीही राहत नाही.

पहिल्या टप्प्यात उमेदवारी नोंदवायची. कोणालाही नाव देता येते. ओळख, अनुभव आणि हितसंबंध सांगावे लागतात. दुसऱ्या टप्प्यात पाठिंबा गोळा करायचा. मतदानास पात्र असलेल्या एकूण टोकनांपैकी किमान ०.२ टक्के टोकनांचा पाठिंबा मिळाला, तरच उमेदवारी पुढे सरकते. तिसरा टप्पा छाननीचा. आर्बिट्रम फाउंडेशन उमेदवाराची ओळख आणि कायदेशीर अडचणी तपासते. थेट स्पर्धक जाळ्याशी बांधलेली किंवा पूर्वी एखाद्या प्रकल्पातल्या चुकीचा फायदा उठवून पैसे उपसलेली व्यक्ती इथे अडते. चौथा टप्पा अंतिम मतदानाचा, २१ दिवसांचा. पहिल्या सात दिवसांत दिलेल्या मताला पूर्ण वजन असते. नंतर ते रोज घटत जाते आणि शेवटच्या दिवशी शून्यावर येते. सर्वाधिक मते मिळवणारे सहा जण निवडून येतात. एकाच संस्थेतले तिघांपेक्षा अधिक सदस्य परिषदेत बसू शकत नाहीत.

घटत्या वजनाच्या या नियमामागे अनुभव आहे. मोठ्या टोकनधारकाने शेवटच्या तासात येऊन निकाल फिरवावा आणि इतरांना उत्तर द्यायला वेळच उरू नये, हे त्याने टळते. ज्याला वजन टाकायचे आहे त्याने लवकर आणि सगळ्यांसमोर टाकावे.

मताचे वजन आणि ठराव

तरीही एक दुखणे उरतेच. या निवडणुकांत मत माणसाला नसते, टोकनाला असते. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याचे मत जड. बहुतेक लहान धारक स्वतः मतदान करत नाहीत. आपले मत एखाद्या प्रतिनिधीकडे सोपवतात. प्रत्यक्षात निवडणूक या मोजक्या प्रतिनिधींच्या हाती राहते.

सीमाभागातल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या निवडणुकीत गावातला शेतकरी सभासद थेट मत देत नाही. त्याची पीकेपीएस ठराव करून एक प्रतिनिधी पाठवते आणि तालुक्याचा संचालक हे ठरावधारक निवडतात. मग सगळी निवडणूक ठरावाभोवती फिरते. ठराव कोणाच्या नावाने झाला, कोणत्या पॅनेलकडे झुकला, यावर नेत्यांचे महिने जातात. ठरावधारकांना मतदानापूर्वी एकत्र ठेवण्याचे प्रकार कर्नाटकात होतात तसे महाराष्ट्रातही होतात. मत सोपवणे ही सोय आहे; पण सोपवलेल्या मताचे काय झाले हे मूळ सभासदाने विचारायचे सोडून दिले, की प्रतिनिधी कोणाचा राहतो, हा प्रश्न उभा राहतो.

दुसऱ्याच्या पैशाचे वजन वापरून राखणदार बदलल्याचे ठळक उदाहरण २०२० चे आहे. ‘स्टीम’ या जाळ्यावर व्यवहारांची नोंद करणारे वीस मुख्य ‘साक्षीदार’ टोकनांच्या मतांनी निवडले जात. जाळ्यामागची कंपनी एका उद्योजकाने विकत घेतली. साक्षीदारांनी त्या कंपनीची टोकने गोठवली, तेव्हा मार्चमध्ये काही मोठ्या क्रिप्टो बाजारांनी आपल्याकडे ग्राहकांनी ठेवलेली टोकने मतदानाला लावली आणि जुने साक्षीदार पाडले. ग्राहकांना कोणी विचारले नव्हते. समुदायातल्या अनेकांनी त्याच महिन्यात ‘हाइव्ह’ नावाचे वेगळे जाळे सुरू केले. एप्रिल २०२२ मध्ये ‘बीनस्टॉक’ या क्रिप्टो प्रकल्पात याहून धीट प्रकार झाला. हल्लेखोराने क्षणभरासाठी प्रचंड कर्ज उचलून मतांचे बहुमत मिळवले, निधी आपल्याकडे वळवणारा ठराव स्वतःच मंजूर केला आणि कर्ज फेडून टाकले. प्रकल्पाचे सुमारे १८ कोटी डॉलरचे नुकसान झाले. बहुमत होते, ठराव नियमानुसार झाला होता, आणि तरी ती चोरीच होती.

सहकाराचा अनुभव

देशातली पहिली सहकारी कृषी पतसंस्था १९०५ मध्ये कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने उभी राहिली. आज गदग जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होते. बेळगाव जिल्हाही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सहकाराचे मूळ एकच आहे आणि त्याचा पाया आहे एक सभासद, एक मत. भागभांडवल कितीही असो, मत एकच. टोकनांच्या मतदानात जो दोष आहे तो या नियमात नाही.

पण या नियमालाही मर्यादा आहे. तो समता देतो. कौशल्याची हमी देत नाही. एखाद्या संस्थेतल्या छाननीचा दिवस डोळ्यांसमोर आणला तर हे कळते. निवडणूक अधिकारी अर्ज उघडतो. सभासद क्रमांक बरोबर आहे का, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या जुळतात का, उमेदवार थकबाकीदार तर नाही ना, राखीव जागेचा दाखला जोडला आहे का, हे पाहतो. हरकती ऐकतो, पात्र नावांची यादी लावतो. संध्याकाळपर्यंत माघारीच्या वाटाघाटी सुरू होतात. या सगळ्या दिवसात उमेदवाराला ताळेबंद वाचता येतो का, हे विचारणारा रकाना कुठेच नसतो. अर्ज बाद होतो तो अपात्रतेमुळे. अजाणतेपणामुळे तो बाद होत नाही.

१९६९ मध्ये देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग सुरू झाला. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरी आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा या दोन्ही त्याच पहिल्या तुकडीतल्या. वीजवाटपासारखे तांत्रिक काम आणि त्यावर सभासदांनी निवडलेले संचालक मंडळ, ही दोन्हीकडची रचना. हुक्केरीची संस्था आजही तालुक्याला वीज पुरवते. मुळा-प्रवरेची वीजखरेदीची थकबाकी फुगत गेली आणि २०११ मध्ये तिचे वितरण महावितरणकडे गेले. रचना सारखी, वाट वेगळी. मंडळ निवडून आलेले आहे, एवढ्यावरून संस्था सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

नागरी बँकांमध्ये हा धडा अधिक महाग पडला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जे लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती उभी केल्याचे उघडकीस आले. आयुष्यभराच्या ठेवी अडकलेले लोक रस्त्यावर आले.

या अनुभवातून पुढे आलेली व्यवस्था सुरक्षा परिषदेच्या सर्वांत जवळची आहे. नागरी बँकांत निवडून आलेल्या संचालक मंडळाबरोबरच जाणकारांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ असावे, ही सूचना मालेगाम समितीने २०११ मध्येच केली होती. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने १०० कोटी रुपये आणि त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांना ते बंधनकारक केले. पगारदारांच्या बँकांना त्यातून सूट दिली. मंडळात किमान पाच आणि जास्तीत जास्त बारा सदस्य असतात. लेखाकर्म, बँकिंग, कायदा, माहिती तंत्रज्ञान, शेती, सहकार अशा विषयांचे ज्ञान आणि प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांची त्यावर नेमणूक व्हावी, अशी अपेक्षा आहे. कर्जमंजुरी, वसुली, जोखीम, अंतर्गत नियंत्रण आणि संगणक व्यवस्था यांवर हे मंडळ लक्ष ठेवते. धोरण संचालक मंडळाकडे राहते. प्रतिनिधी आणि राखणदार यांची कामे इथे कायद्याच्या चौकटीत वेगळी झाली.

याच सुमारास पदाच्या मुदतीचाही विचार झाला. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांपेक्षा अधिक काळ राहता येणार नाही, अशी मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने आली. २०२५ मध्ये ती दहा वर्षांवर नेली गेली. एकाच घरात खुर्ची फिरत राहण्याची सवय मोडण्यासाठी मर्यादा लागतेच. परिषदेतली सहा-सहांची आलटून-पालटून निवडणूक याच गरजेतून आली आहे.

निवडणूक कोणी घ्यायची, हाही मुद्दा सीमाभागाला लागू होतो. निपाणीच्या बाजारात चिकोडी तालुक्यातला जसा येतो तसा कागलचा शेतकरीही येतो. सभासद दोन राज्यांतले असले की बहुराज्य नोंदणी घ्यावी लागते. एकसंब्याची बीरेश्वर पतसंस्था हे या भागातले परिचित उदाहरण. बहुराज्य संस्थांच्या निवडणुका पूर्वी मावळते संचालक मंडळच घडवून आणत असे. २०२३ च्या दुरुस्तीने त्यासाठी स्वतंत्र सहकारी निवडणूक प्राधिकरण आले. ज्यांचे पद पणाला लागले आहे त्यांनीच यादी करायची आणि छाननी करायची, हे चालणार नाही, एवढा साधा न्याय त्यात आहे. आर्बिट्रममध्ये मतमोजणी प्रोग्राम करतो, तिथे हस्तक्षेपाला जागा नाही. पण छाननी फाउंडेशनकडे आहे. फाउंडेशन निवडून आलेले नसते. म्हणून कोणाला अडवले आणि का, हे त्याने जाहीर करणे विश्वासासाठी आवश्यक ठरते.

उमेदवाराची पारख

दोन्हीकडचे अनुभव एकत्र ठेवले तर उमेदवार पारखण्याच्या कसोट्या स्पष्ट होतात.

पहिली कसोटी कौशल्याची. प्रत्येक सदस्य प्रोग्राम लिहिणारा असायला हवा असे नाही. पण काय सही करतो आहोत हे स्वतः पडताळता येणे प्रत्येकाला जमले पाहिजे. दुसऱ्याने सांगितले म्हणून सही करणारा सदस्य म्हणजे ज्याने सांगितले त्याची जादा किल्ली. अशा तीन-चार सह्या जमल्या की बारा जणांची परिषद प्रत्यक्षात आठ-नऊ जणांची होते.

दुसरी कसोटी स्वातंत्र्याची. उमेदवार कोणाकडे नोकरी करतो, कोणाच्या निधीवर चालतो, किती टोकन बाळगतो, प्रतिस्पर्धी जाळ्याशी त्याचा काय संबंध, हे आधीच उघड झाले पाहिजे. हितसंबंध असणे हा गुन्हा नाही. लपवणे हा आहे. सहकारात जामीनदार आणि कर्जदार एकाच घरातले असले की वसुली अडते. परिषदेत अडवणारे चौघे एकाच मालकाचे असले की नियंत्रण संपते.

तिसरी कसोटी विखुरलेपणाची. सगळ्या किल्ल्या एका शहरात, एका कार्यालयात किंवा एकाच कायद्याच्या कक्षेत असतील, तर एक छापा, एक पूर किंवा एक आदेश पुरे. ऑप्टिमिझमने निवडीच्या निकषांत तांत्रिक क्षमता आणि लौकिक यांबरोबर भौगोलिक विविधता आणि हितसंबंधांची विविधता यांना जागा दिली ती यासाठीच. ज्या भागात गावाचे दप्तर एका राज्यात आणि नातीगोती दुसऱ्या राज्यात आहेत, तिथे अधिकारक्षेत्र म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चौथी कसोटी उपलब्धतेची. मध्यरात्री निरोप आला तर तासाभरात उपकरणासह हजर होईल का? नावाजलेला पण सतत फिरतीवर असलेला माणूस इथे उपयोगाचा नाही. मानधन मिळत असेल तर हजेरी ही त्याची अट असली पाहिजे.

पाचवी कसोटी पूर्वीच्या वागणुकीची, आणि ती सर्वांत कठीण. पूर्वी चूक सापडली तेव्हा त्याने काय केले, मुकाट्याने बाजूला झाला की लेखी कळवले? दबाव आला तेव्हा सही नाकारली का? प्रचारपत्रकात हे दिसत नाही. ज्यांनी त्याच्याबरोबर काम केले त्यांना विचारूनच कळते.

ओळख जाहीर करण्याबद्दल मात्र खरा पेच आहे. सदस्यांची नावे उघड असली तर त्यांच्यावर लक्ष ठेवता येते. पण चोरालाही त्यांचा पत्ता लागतो. रोनिनच्या चोरीत कंपनीच्या एका अभियंत्याला खोट्या नोकरीचे आमिष दाखवून जाळ्यात ओढले होते. तरीही नाव झाकून जबाबदारी घेता येत नाही, हा सहकाराचा अनुभव इथेही खरा मानावा लागेल. नाव जाहीर असावे. उपकरण कुठे आहे, किल्ली कशी सांभाळली जाते, हे गुप्त असावे.

निवडून आल्यानंतर

निवड झाली म्हणजे काम संपले असे नाही. आर्बिट्रमच्या घटनेत सदस्याला काढण्याच्या दोन वाटा आहेत. पात्र टोकनांपैकी किमान १० टक्के मतदान झाले आणि त्यातले सहापैकी पाच हिस्से काढण्याच्या बाजूने पडले, तर सदस्य जातो. किंवा परिषदेतल्याच नऊ जणांनी ठरवले तर जातो. आणीबाणीचा अधिकार वापरला की काय केले आणि का केले, याचा अहवाल परिषदेने समुदायापुढे ठेवायचा असतो. हा अहवाल म्हणजे परिषदेची सर्वसाधारण सभा. तो वाचणारेच नसतील, तर परिषद कितीही चांगली निवडली तरी सैल पडते. सर्वसाधारण सभेला कोरम नाही म्हणून अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा घेऊन सगळे विषय मंजूर झाले, असे ज्या संस्थांत वर्षानुवर्षे चालते, तिथल्या सभासदांनी पुढे कोणाला दोष द्यायचा?

मुदत संपलेल्या सदस्याची किल्ली त्याच दिवशी रद्द होणे, तात्पुरती दिलेली परवानगी नोंदवहीत तारखेसह राहणे आणि आणीबाणीची तालीम ठरावीक काळाने घेतली जाणे, या तीन गोष्टी कंटाळवाण्या आहेत. पण रोनिनचे ६२ कोटी डॉलर दुसऱ्या गोष्टीतल्या एका विसरलेल्या परवानगीच्या वाटेने गेले.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर इथली हजारो मुले-मुली पुणे-बंगळूरच्या संगणक कंपन्यांत काम करतात; त्यांच्या घरी कोणी ना कोणी संस्थेचा सभासद, सचिव किंवा संचालक असतो. नव्या जाळ्यांची भाषा आणि जुन्या संस्थांची निवडणूक या दोन्ही गोष्टी ज्यांना कळतात, असे लोक फार थोड्या ठिकाणी आहेत. या पट्ट्यात ते आहेत. त्यांनी आपल्या गावच्या बँकेच्या व्यवस्थापन मंडळावर कोण आहे, त्याची पात्रता काय, हे विचारावे. ज्या जाळ्यावर पैसे ठेवले आहेत त्याच्या परिषदेची यादी उघडून वाचावी, निवडणुकीत मत द्यावे, आणि पात्रता असेल तर स्वतः उमेदवारी भरावी. चांगले राखणदार आपोआप मिळत नाहीत. सभासद जागे असतील तिथेच ते निवडून येतात आणि तिथेच ते चांगले राहतात.